कलम सतरा आणि द्वारकाबाई

इसवी सन दोन हजार वीस, ऑक्टोबर महिन्याची बारा तारीख, वार सोमवार, वेळ सकाळी साडेदहा. स्थळ औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हडको वसाहतीत टी. व्ही. सेंटरजवळील 'प्रज्ञा टंकलेखन संस्था', पहिला मजला. या वेळी व या स्थळी संस्थेचे सर्वेसर्वा श्री. राजेंद्र कडुबा हिवराळे, वय वर्षे बासष्ट, सेवानिवृत्त अव्वल कारकून, यांनी तोंडावरची मुखपट्टी नीट केली, दहा संगणकांवर आणि चार जुन्या टंकयंत्रांवर साचलेल्या सात महिन्यांच्या धुळीकडे एकवार पाहिले, आणि कार्यवृत्ताच्या वहीत पहिला विषय लिहिला : 'टाळेबंदी शिथिल होत असल्याने कर्मचारिवर्गास कामावर परत बोलावणे.'

कर्मचारिवर्गाची एकूण संख्या एक होती.

द्वारकाबाई जंजाळ, राहणार मुकुंदवाडी, मूळ गाव देवगाव रंगारी, तालुका कन्नड. संस्था उघडणे, झाडणे, यंत्रे पुसणे, उमेदवारांना कागद देणे, आणि परीक्षेच्या सकाळी घाबरून रडणाऱ्या मुलींना जिन्यात नेऊन पाणी पाजणे, ही त्यांची कामे. याखेरीज एक काम त्या कोणी न सांगता करीत. द्वारकाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण आतल्या खोलीत फरशी पुसता पुसता केवळ टकटकीवरून त्या सांगत, "सर, तिसऱ्या टेबलावरची बोटं बघून मारतीय." सर उठून पाहत, आणि ते खरे असे. रोज सकाळी द्वारकाबाई "जय भीम, सर" म्हणत आणि सर "राम राम, द्वारकाबाई" म्हणत. ही अदलाबदल कधी सुरू झाली ते दोघांनाही आठवत नव्हते, आणि ती थांबवण्याचे कारण कोणाला सापडले नव्हते.

मार्चमध्ये सारे बंद झाले तेव्हा द्वारकाबाई मिळेल त्या वाहनाने गावी गेल्या. कामगारांचे वेतन कापू नये असा सरकारी आदेश निघण्यापूर्वी, तो असताना आणि तो मागे घेतल्यानंतरही त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होत राहिला. तेव्हा त्याविषयी या हकिकतीत काही वाद नाही. वाद होता तो त्यांना परत कसे बोलवावे याचा.

"त्यात 'कसं' काय आलं?" करुणाताई म्हणाल्या. या सरांच्या पत्नी. मेथी निवडत होत्या. "फोन करा आणि म्हणा, द्वारकाबाई, या."

"तोंडी आदेश? आणि तो महामारीत?" सरांनी चष्मा काढला. चष्मा काढणे ही त्यांच्या युक्तिवादाची पहिली पायरी असे. "समजा, त्या आल्या आणि येथे आजारी पडल्या. कोणाच्या आदेशाने आल्या? समजा, भीतीपोटी त्या आल्या नाहीत. ती आज्ञेची अवज्ञा, की जीव सांभाळण्याचा अधिकार? आणि समजा, मी म्हणालो, येऊ नका, सुरक्षित राहा. तर ती काळजी, की आडून केलेली बडतर्फी?"

"आणि त्या 'येते' म्हणाल्या तर?"

"तर ते लेखी हवे."

करुणाताईंनी मेथीची जुडी उलटी करून माती झटकली आणि त्या आत गेल्या. सदतीस वर्षांच्या संसारात हे उत्तर त्यांनी पूर्णपणे विकसित केले होते.

त्या आठवड्यात सरांनी कामगारांविषयीची, मालकांच्या कर्तव्यांविषयीची, तापमापनाची, अंतराची, हवा खेळती ठेवण्याची जी जी परिपत्रके हाती लागली ती खालच्या नईमभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, त्यांवर पृष्ठांक घातले आणि लाल फितीत बांधली. मग पुण्याला एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या मुलीला, विशाखाला, व्हिडिओवर बोलावून घेतले.

"बाबा," विशाखा सर्व ऐकून म्हणाली, "यातलं निम्मं तुम्हाला लागूच होत नाही. हे पन्नास-शंभर माणसांच्या कारखान्यांसाठी असतं. तुमच्याकडे एकच बाई आहेत."

"लागू होत नाही म्हणजे?" सरांचा चेहरा पडद्यावर इतका जवळ आला की विशाखाला केवळ त्यांच्या भुवया दिसू लागल्या. "कायदा लागू होऊ नये इतके आपण क्षुद्र आहोत काय? संख्या हा तपशील आहे, विशाखा. द्वारकाबाईंचे हक्क त्या एकट्या आहेत म्हणून शंभरांनी भागायचे नसतात."

विशाखाने 'माझी मीटिंग आहे' असे सांगितले. रविवार होता.

सरांनी मग पत्र टंकित केले, जुन्या टंकयंत्रावर, कारण महत्त्वाच्या गोष्टी त्यांना ऐकू याव्या लागत. पत्रात द्वारकाबाईंना आदरपूर्वक तीन पर्याय दिले होते : (अ) कामावर रुजू होणे, (ब) शक्य असल्यास घरून काम करणे, (क) परिस्थिती निवळेपर्यंत भरपगारी रजा. फरशी पुसण्याचे काम घरून कसे करावे याचा खुलासा पत्रात नव्हता. पण पर्याय देणे हे मालकाचे कर्तव्य, तो वापरणे हा कर्मचाऱ्याचा प्रश्न. सोबत अठ्ठावीस प्रश्नांचे स्वयंघोषणापत्र जोडले. सारे यथासांग झाले आणि केवळ एक ओळ भरायची राहिली : 'संदर्भ : आपला नियुक्ती आदेश क्रमांक ....., दिनांक .....'

सरांनी कपाट उघडले. सन दोन हजार एकची नस्ती काढली. मग दोन हजार दोनची काढली. मग सर्वच नस्त्या काढल्या. वीजजोडणीचा अर्ज होता. पंख्याची पावती होती. एकदा छपरावरून माकड शिरले होते त्याचा पंचनामा होता. द्वारकाबाईंचा नियुक्ती आदेश नव्हता. तो हरवला नव्हता. तो कधी काढलाच गेला नव्हता.

सर खुर्चीवर बसले. ज्या माणसाने तहसील कार्यालयात तेहेतीस वर्षे 'सहपत्र नाही, सबब अर्ज परत' असे शेरे मारले, त्याच्या स्वतःच्या संस्थेत एक बाई एकोणीस वर्षे कागदावाचून काम करीत होती. आणि लाज त्याहून खोल होती. सरांचे वडील, कडुबा, वैजापूरला एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे अठरा हंगाम गाठी वाहत होते. एका सकाळी मुनीमाने मान वर न करता केवळ हात हलवला, आणि कडुबांचे काम संपले. "कागुद असता तर इचारता आलं असतं," एवढेच ते पुढे म्हणत असत, तेही क्वचित. आपल्या हातून कोणाचे काम असे हवेवर राहणार नाही, असे सरांनी तरुणपणीच ठरवले होते. ठरवले होते, आणि विसरले होते.

ही गोष्ट त्यांनी शेजारच्या सांडूअण्णांना सांगितली, ही त्यांची दुसरी चूक. सांडूअण्णा वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आणि सल्ला देण्यास सदैव मोकळे.

"येवढं काय त्याचं, सर? मागच्या तारखेचं लेटर ठोका. दोन हजार एक टाका, सही मारा, विषय खलास."

"सांडूअण्णा, त्यास बनावट दस्तऐवज म्हणतात."

"म्हणत असत्याल. सापडतंय कोणाला?"

"मला सापडेल," सर म्हणाले.

हा संवाद नईमभाईंनी पायऱ्यांवरून ऐकला. ते सद्भावनेने वर आले. "सर, कागज की फिकर नक्को करो. दुकान में बीस साल पुराना रीम पड़ेला है, एकदम पीला. उसपे निकाल देतूं. जज भी नै पकड़ सकता." सरांनी त्यांच्याकडे अशा दृष्टीने पाहिले की ते पिवळे रीम नईमभाईंनी त्याच सायंकाळी समोसेवाल्याला देऊन टाकले.

अखेर सरांनी निष्कलंक मार्ग शोधला. आजच्या तारखेचा आदेश काढायचा, त्यात आपली चूक स्पष्ट कबूल करायची, आणि नियुक्ती सन दोन हजार एकपासून मानली जावी असे नमूद करायचे. मात्र आदेशास वयाचा पुरावा हवा. देवगावला द्वारकाबाईंची सून मोनिका ही गावची आशा कार्यकर्ती. तिच्याकडे मोबाइल होता. तिने सासूच्या आधारकार्डाचे छायाचित्र तत्परतेने पाठवले.

जन्मतारीख : एक जानेवारी एकोणीसशे एकोणसाठ.

एक जानेवारीला जन्मलेली माणसे मराठवाड्यात किती आहेत हे सरांना तहसिलीतल्या अनुभवावरून ठाऊक होते. ज्याची तारीख कोणालाच आठवत नाही तो त्या दिवशी जन्मतो. परंतु कागद तो कागद. द्वारकाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. सरांनी संस्थेचे सेवानियम काढले. हे नियम, एकूण बावन्न कलमे, त्यांनी स्वतःच दोन हजार एकमध्ये रचले होते, आणि त्यांतील वाक्यरचनेचा त्यांना आजही अभिमान होता. कलम सतरा असे होते : 'संस्थेत कार्यरत असलेली कोणतीही व्यक्ती वयाची साठ वर्षे पूर्ण करताच त्याच दिवशी सेवानिवृत्त होईल. या कलमास कोणत्याही सबबीवर अपवाद करता येणार नाही.'

'कोणत्याही सबबीवर' हे शब्द तेव्हा सरांना फार आवडले होते.

आता सरांची एक सवय सांगणे भाग आहे. तहसिलीत ते प्रत्येक प्रकरणावर दोन टिपणे लिहीत : एक अनुकूल, एक प्रतिकूल, आणि दोन्ही इतक्या प्रामाणिकपणे की साहेबांना कोणते खरे ते कळत नसे. त्याच न्यायाने त्यांनी आता दोन मसुदे केले. पहिला, द्वारकाबाईंना नियुक्त करणारा. दुसरा, केवळ प्रतिपक्ष किती बलवान आहे ते पाहण्यासाठी : 'आपण दिनांक ३१ डिसेंबर २०१८ रोजी सेवानिवृत्त झाला असून, त्यानंतरचे आपले संस्थेतील येणे अनधिकृत होते, असे कळविण्यात येते.' दोहोंवर सवयीने शिक्का मारला, सवयीने सही केली, आणि तीन पर्यायांच्या पत्रासह सर्व कागद नस्तीत ठेवून ते नईमभाईंकडे गेले. "नेमणुकीचे आणि बोलावण्याचे, अशी वरची दोन पाने तेवढी मोनिकाच्या मोबाइलवर पाठवा," असे सांगून ते आंघोळीला गेले. सर त्या काळात बाहेरून आले की आंघोळ करीत, आणि बाहेर म्हणजे जिना उतरणे हेही त्यात धरीत.

ते परतले तेव्हा नईमभाई समाधानाने हसत होते. "हो गया, सर. दो पन्ने क्या भेजना? पूरी फाइल भेज दी. चौदा पन्ने. आधा काम अपन करते नै."

अशा रीतीने देवगाव रंगारी येथे एका दुपारी, एकाच मोबाइलवर, द्वारकाबाई जंजाळ यांची नेमणूक झाली, त्यांना कामावर बोलावण्यात आले, घरून काम करण्याची मुभा देण्यात आली, रजा मंजूर झाली, आणि त्या बावीस महिन्यांपूर्वीच निवृत्त झाल्याचे कळवण्यात आले.

सरांनी लगेच फोन केला. आधी करोनाची ती सरकारी धून पूर्ण ऐकावी लागली. मग मोनिका म्हणाली, "आत्याबाई शेतात गेल्यात." दुसऱ्या दिवशीही त्या शेतातच होत्या. तिसऱ्या दिवशी मोनिकाने खरे ते सांगितले, "सर, मी कागुद वाचून दाखवला त्यांना. शेवटचं पान ऐकलं आन उठून गेल्या. तवापून फोन घ्यायचा न्हाय म्हनत्यात."

त्या रात्रीच्या जेवणात सरांनी भाकरी अर्धी ठेवली. वैजापूरच्या मुनीमाने निदान हात तरी स्वतःचा हलवला होता. "मी तर चौदा पाने पाठवली, करुणा," ते म्हणाले.

"उद्या सकाळच्या गाडीने जाऊ," करुणाताई म्हणाल्या.

"तू कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात तर तिची चौकशी करून याल."

गुरुवारी, बावीस तारखेला, एसटीच्या खिडकीतून येणारे आश्विनातले ऊन तास-दीड तास अंगावर घेत दोघे देवगावला उतरले. सरांच्या एका हातात नस्ती, दुसऱ्यात संस्थेसाठी घेतलेले तापमापक. कर्मचाऱ्याची तपासणी मालकाने करावी असे परिपत्रकात होते. जंजाळांच्या अंगणाशी ते पोचले तो आतून आवाज आला, "थांबा. तिथंच." मोनिका स्वतःचे तापमापक घेऊन बाहेर आली आणि सरांनी आपले उचलण्यापूर्वीच तिने तिचे त्यांच्या कपाळाला लावले.

"शंभर दाखवतंय. त्या बाभळीखाली बसा जरा. धा मिंटांनी परत बघते."

"हा उन्हाचा परिणाम आहे," सर म्हणाले. "आणि हा आदेश कोणाचा?"

"माझा."

"लेखी आहे?"

"न्हाय. पण सावली हाय. बसा."

सर बसले. करुणाताईंचे तापमान अठ्ठ्याण्णव भरले. त्या सरळ ओट्यावर गेल्या आणि चहा घेऊ लागल्या. बाभळीखाली सरांपाशी एक शेळी होती. ती नस्तीच्या लाल फितीकडे जिव्हाळ्याने पाहत होती. ज्याचा कागद साहेबांनीही कधी परत पाठवला नाही असा तो माणूस, दुसऱ्याच्या दाराबाहेर, तोंडी आदेशावरून, शेळीपासून कागद वाचवीत दहा मिनिटे बसून राहिला. त्याने वाद घातला नाही. यावरून त्याच्या मनाची अवस्था ध्यानी यावी.

दुसऱ्या वेळी पारा उतरला होता. सर ओट्यापाशी आले, तोच द्वारकाबाई गोठ्यातून बाहेर आल्या. पदर नाकातोंडावर ओढलेला, हात शेणाने भरलेले.

"राम राम, द्वारकाबाई," सर म्हणाले.

"बसा," द्वारकाबाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांचे 'जय भीम' आले नाही. सर ओट्याच्या कडेवर बसले, सहा फूट मोजून.

"सर, मला करोना-बिरोना झालेला न्हाय," द्वारकाबाई हात धूत धूत, त्यांच्याकडे न पाहता बोलू लागल्या. "मोनिकानं दोनदा तपासलं. मंग मला काढलं कशापायी?"

"काढले नाही, द्वारकाबाई. ते केवळ प्रतिपक्षाचे टिपण होते."

"प्रतिपक्ष म्हंजी कोन?"

"मीच."

"आन माझ्या बाजूनं कोन व्हतं?"

"तोही मीच."

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी हात पदराला पुसले. "मंग दोघांतून एकाच्याबी ध्यानात आलं न्हाय व्हय, का जिची गोष्ट चाललीय तिला इचारावं?"

सरांनी चष्मा काढला. मग तो तसाच हातात राहिला.

"मी रागानं न्हाय बोलत," द्वारकाबाई खालच्या पायरीवर बसल्या. "साठ झालं तर झालं, कागुद म्हनतो तर झालं असंल. इथं मला काय कमी न्हाय. सून सोन्यासारखी हाय. पन सर, इथं मी आत्याबाई हाय, आज्जी हाय, थोरली वैनी हाय. माझं नाव कोनी घेत न्हाय. तिथं जिन्यातून वर आलं की धा पोरी म्हनतेत, द्वारकाबाई आल्या, द्वारकाबाई आल्या. ते गेलं म्हनून रडू आलं. लेटरचं काय एवढं न्हाय."

मोनिका चुलीपाशी उगीच काहीतरी हलवू लागली. करुणाताई कपात पाहत होत्या. सरांना बोलायचे होते. त्यांच्या मनात एक लांब, सुघटित वाक्य तयारही होते, त्यात 'दिलगिरी' दोनदा येत होती. पण तोंडून वेगळेच आले. "चूक माझी आहे," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातील हे सर्वांत लहान निवेदन असावे.

मग त्यांनी नस्ती उघडली. "कलम सतरा मी रद्द करतो. आत्ता, येथे, आपल्यासमोर. सुधारणेचा अधिकार चालकास आहे, तो मी वापरतो." त्यांनी सेवानियमांचे पान काढले, शिक्क्याची डबी काढली आणि पेन उघडले.

"सर, एक इचारू का?" मोनिका पुढे आली. तिच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर ती चौदा पाने. "राग येऊ देऊ नका. शिक्क्यावर नाव हाय, 'सौ. करुणा राजेंद्र हिवराळे, चालक'. आन सही तुमची हाय. आमच्याकडं असा फारम भरला तर तालुक्याहून माघारी येतोय."

त्या क्षणी शेळीदेखील चघळायची थांबली, असे सर पुढे सांगत. करुणाताईंना ते मान्य नाही.

ते खरे होते. दोन हजार एकमध्ये सर सरकारी नोकर. सरकारी नोकरास धंदा करता येत नाही. म्हणून संस्थेची मान्यता, परवाना, शिक्का, सारे पत्नीच्या नावाने घेतलेले. दर वर्षी नूतनीकरणाच्या अर्जावर सर बोट ठेवीत आणि करुणाताई तेथे सही करीत, भाजीवरची नजर न काढता. सर निवृत्त झाले, संस्थेत पूर्णवेळ बसू लागले, आणि आपण मालक नसल्याचे त्यांच्या मनातून असे पुसले गेले, की जणू ते कधी लिहिलेच नव्हते.

"म्हणजे," सर सावकाश म्हणाले, कारण त्यांच्या डोक्यातले अव्वल कारकून आता जागे झाले होते, "म्हणजे निवृत्तीचे ते पत्र अधिकार नसलेल्या व्यक्तीने काढलेले आहे. ते निरर्थक आहे. द्वारकाबाई, आपण निवृत्त झालेल्या नाहीत!"

"आन नेमनुकीचं?" मोनिकाने विचारले.

"तेही निरर्थक आहे," सरांचा आवाज उतरला. "तीन पर्यायही गेले." मग ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर असे काही आले की करुणाताईंनी कप खाली ठेवला. "परंतु मग मी कोण? मालक नाही, तर मी संस्थेत कोणत्या नात्याने बसतो? माझा नियुक्ती आदेश कोठे आहे?"

तोही कधी काढलाच गेला नव्हता.

"आणि मला बासष्ट पूर्ण झाली," सर पुटपुटले. "'संस्थेत कार्यरत असलेली कोणतीही व्यक्ती.' मी तर द्वारकाबाईंच्याही आधी निवृत्त झालो आहे. माझे येणेही अनधिकृत. कोणत्याही सबबीवर."

द्वारकाबाईंनी आधी पदर तोंडाशी धरला. मग त्यांना आवरेना. "घ्या! सर बी गेले!" त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले, आणि पुसता पुसता जरा वेळ पुसतच राहिल्या. "मोनिका, सरांना च्या टाक. आपल्यातलेच हाएत."

चहा आला. सरांनी तो बशीत ओतून प्यायला, जे ते लोकांसमोर कधी करीत नसत. मग बशी बाजूला ठेवून ते उठले, आणि ज्या करुणाताईंशी सदतीस वर्षे ते केवळ बोलत आले होते, त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"चालकांस विनंती," ते म्हणाले, आणि आवाज गंभीर होता, थट्टेचा लवलेश नव्हता. "माझ्याविषयी जो योग्य वाटेल तो निर्णय घ्यावा. मी नियम केला, मी तो भोगेन. परंतु द्वारकाबाईंनी एकोणीस वर्षांत एकही दिवस संस्था उशिरा उघडलेली नाही. त्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांना कागद दिला नाही, हा दोष कर्मचाऱ्याचा मानू नये. एवढेच सांगायचे होते. प्रतिकूल टिपण मी या वेळी केलेले नाही."

"मला बी बोलायचंय," द्वारकाबाई पायरीवरून उठल्या. "करुणाताई, सरांना घरी बसवू नका. ते दिवसभर तुमच्याशीच बोलतील."

"ते माझ्या लक्षात आलंय," करुणाताई म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केला. सरांनी नस्ती दिली. करुणाताईंनी सेवानियमांचे सतरावे कलम काढून एकदा वाचले, बहुधा पहिल्यांदाच. पेन घेतले आणि त्यावर एक आडवी रेघ मारली. सरळ आली नाही, कारण ओटा सारवलेला आणि खडबडीत होता. खाली सही केली. मग मोनिकाकडून वहीतली दोन कोरी पाने मागून घेतली आणि पहिल्यावर 'द्वारकाबाई जंजाळ', दुसऱ्यावर 'राजेंद्र हिवराळे' असे वरती लिहिले. मजकूर काय घालावा म्हणून सरांनी तोंड उघडले होते. त्यांच्याकडे पाहून करुणाताईंनी पेनाचे टोपण लावले.

"बाकीचं नंतर लिहू," त्या म्हणाल्या. "दोघंही सोमवारी दहाला कामावर या. उशीर चालणार नाही."